पणजीत सगळंच कुठून तरी आणलेलं आहे

पणजीच्या पायी फेरीची कुठलीही जाहिरात उघडा. फोंतेन्हास या जुन्या वस्तीतली पिवळी भिंत, निळी खिडकी आणि खिडकीखाली टोपी सावरत उभी राहिलेली एक पाहुणी, एवढंच दिसेल. बऱ्याच फेऱ्याही तशाच असतात: दीड तास त्याच चार गल्ल्या, शेवटी फेणीचे दोन घोट, की पाहुणे कळंगुटला परत. गल्ल्या देखण्या आहेत, वाद नाही. पण तेवढ्यावर पणजी बघितली असं म्हणता येत नाही.

पणजी ही मुळात हलवून आणलेली राजधानी. जुन्या गोव्यात साथीच्या रोगांनी माणसं टिकेनात, तेव्हा १७५९ मध्ये विजरई, म्हणजे पोर्तुगीज व्हाइसरॉय, पणजीला येऊन राहिला. त्याच्यामागून कचेऱ्या आल्या, फौज आली, टांकसाळ आली आणि १८४३ मध्ये लिस्बनच्या हुकुमानं 'नोव्हा गोवा' या नावानं इथं रीतसर राजधानी झाली. जुनी राजधानी जेमतेम नऊ-दहा किलोमीटरवर, तीही ओस पडत चाललेली. तेव्हा उचलता येण्यासारखं जे होतं ते उचलून आणलं: घंटा, क्रूस, खांब, चिरे. म्हणून या शहरात फिरताना प्रत्येक थांब्यावर गाईडला एकच विचारावं, "हे आधी कुठं होतं?"

गाईड ठरवतानाच दोन प्रश्न फोनवर विचारून टाका. पहिला: इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चची मोठी घंटा कुठून आली? दुसरा: ३१ जानेवारी रोडवरची ३१ जानेवारी कुठली? दुसऱ्याला "पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला तो दिवस" असं उत्तर हमखास येतं. ते चूक आहे. ती तारीख १ डिसेंबर १६४०. खरं उत्तर पुढं येईलच. याखेरीज पर्यटन खात्याचं ओळखपत्र आहे का, गटात माणसं किती आणि महालक्ष्मीच्या देवळाकडचा भाग फेरीत आहे का, एवढं विचारलं की पुरे. गट बाराच्या वर असेल तर नको म्हणा. फोंतेन्हासच्या बोळात बारा माणसं उभी राहिली की स्कूटर अडते, स्कूटरवाला हॉर्न मारतो आणि गाईडचं वाक्य तिथंच राहतं. बहुतेक फेऱ्या इंग्रजीत असतात, पण मराठी किंवा कोकणीत सांगा म्हटलं तर पुष्कळ गाईड खुशीनं सांगतात, आणि सांगणं जास्त मोकळं होतं.

आता वेळेचं गणित. पूर्ण फेरी चार-साडेचार किलोमीटर, साडेतीन तास. रविवार टाळा, चर्चमध्ये मिसा (प्रार्थना) असतात आणि कचेऱ्या बंद. सोमवारी प्रदर्शनं, संग्रहालयं बंद असण्याचा संभव जास्त, म्हणून मंगळवार ते शुक्रवार बरे. सकाळी आठला निघा, सातला नको, कारण मिनेझिस ब्रागांझा संस्थेचं दार कचेरीच्या वेळेला उघडतं. तिथं साडेनऊच्या आधी पोचलात तर बंद दारासमोर उभं राहून आतल्या फरशांचं वर्णन ऐकावं लागेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली. पावसाळ्यात यायचं तर जरूर या, शहर तेव्हाच खरं हिरवं असतं. पण आल्तिनो टेकडीच्या उतारावरच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि गुळगुळीत तळाच्या चपला तिथं दगा देतात. मागून पट्टा असलेली रबरी सँडल घाला. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, गल्लीत समोरासमोर दोन छत्र्या मावत नाहीत. लघवीची सोय बसस्टँडवर किंवा चर्चजवळच्या एखाद्या हॉटेलात उरकून घ्या, पुढच्या बोळांत शोधत बसावं लागेल.

सुरुवात कदंब बसस्टँडपासून करावी. आदिलशहाच्या आधी या मुलखावर ज्या कदंबांचं राज्य होतं, त्यांची राजधानी आधी चांदर आणि मग गोवापुरी. पणजीत त्यांचं डोळ्यांना दिसेल असं काय उरलं म्हणाल तर बसवरचं नाव. तिथून पाटोच्या बाजूनं रायबंदरच्या रस्त्याच्या तोंडाशी चालत जायचं. वाहनांच्या गर्दीत हा रस्ता कुणाच्या लक्षातही येत नाही, पण राजधानी याच रस्त्यानं आली. लिन्यारीशच्या काउंटनं, म्हणजे तेव्हाच्या विजरईनं, १६३३-३४ मध्ये दलदलीतून, मिठागरांच्या कडेकडेनं चिऱ्यांच्या कमानींवर हा सुमारे तीन किलोमीटरचा बांध-पूल घातला. त्यावरून आजही बसगाड्या धावतात. शेजारी मांडवीवरचा नेहरू पूल १९६१ च्या मुक्तीनंतर बांधलेला. तो ५ जुलै १९८६ ला कोसळला. गाईडनं हे दोन पूल एका दमात सांगितले तर ऐकायला मजा येते. सांगितले नाहीत तर तुम्ही विचारा.

पाटोचा पूल ओलांडून नदीकाठानं गेलं की जुनं सचिवालय, म्हणजे आदिलशाही राजवाडा. इथं गाईड हटकून "पाचशे वर्षांचा वाडा" म्हणतो. जागा पाचशे वर्षांची खरी. विजापूरच्या युसूफ आदिलशहानं १५०० च्या सुमारास इथं खंदकानं वेढलेला वाडा बांधला. अल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा दोनदा घेतला: मार्चमध्ये घेतला, मे महिन्यात सोडावा लागला, २५ नोव्हेंबरला पुन्हा घेतला. आज दिसतं ते उतरतं कौलारू छप्पर, लांब ओसरी, रांगेतल्या खिडक्या हे सगळं १६१५ च्या पुनर्बांधणीचं आणि त्यानंतरच्या डागडुजीचं. आदिलशाही उरली ती नावात. पुढं १७५९ पासून १९१८ पर्यंत विजरई आणि गव्हर्नर इथं राहिले, मग ते काबोच्या टोकावर गेले, जिथं आता राजभवन आहे. मुक्तीनंतर सचिवालय झालं, विधानसभाही इथंच भरायची. २००० साली तीही पर्वरीला गेली. चार शतकांत ही वास्तू इतक्यांनी वापरली की प्रवेशदारावर कुणाची मुद्रा आहे हे बघणं हाच तिचा इतिहास: विजरईंच्या राजचिन्हाच्या जागी आता अशोकचक्र आहे.

वाड्याला लागूनच आबे फारियाचा पुतळा. झगा वाऱ्यावर उडालेला, दोन्ही हात पुढं रोखलेले, समोर बाई कोसळत चाललेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला खुनाचाच देखावा वाटतो. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसला गेला आणि समोरच्याला मोहनिद्रा येते ती कुणाच्या अंगातल्या चुंबकशक्तीनं नव्हे, तर सूचनेनं, असं सांगणाऱ्या पहिल्या काही माणसांत गणला गेला. पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत यांचा, १९४५ चा. दंतकथा अशी की पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिल्यावर पोराचे शब्द आटले, तेव्हा बापानं खालून कोकणीत सुनावलं, "कातर रे भाजी!" समोरचे सगळे भाजीपाला आहेत, काप. ही गोष्ट कुठलाही गाईड सांगतोच. पण बापाचं नाव लक्षात ठेवा, कायतान व्हितोरिन फारिया. तासाभरानं ते कामाला येणार आहे.

नदीकाठानं पश्चिमेला आझाद मैदान. मधल्या मंडपात पूर्वी अल्बुकर्कचा पुतळा होता आणि मंडपाचे खांब जुन्या गोव्यातून आणलेले. मुक्तीनंतर पुतळा काढला, तो आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. खांब आले आणि ज्याच्यासाठी आले तो परत गेला! आज मैदानावर स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे.

मैदानाला लागून पसरलेली लांबलचक इमारत म्हणजे दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रू या विजरईनं १८३० च्या आसपास बांधलेली फौजेची बराक. पणजीचे सरळ काटकोनी रस्ते, भर घालून उंचावलेली जमीन हे बरंचसं याच माणसाचं काम. त्याआधी इथं दलदल, वाळू आणि माड होते; गावठाणाच्या नावांतूनही ते कळतं. माडांचं ते भाट, म्हणून भाटलें. इमारतीच्या मोठ्या भागात पोलीस मुख्यालय आहे, तिकडं कॅमेरा वळवू नका, शिपाई उठून येतो. कोपऱ्यातली बाजू मिनेझिस ब्रागांझा संस्थेची. दारावर विचारून आत जा. दालनाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या आझुलेजांत, म्हणजे रंगवून भाजलेल्या फरशांत, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या वास्को द गामाच्या सफरीवरच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत, जोर्ज कोलासू या पोर्तुगीज चित्रकारानं १९३५ मध्ये केलेले. इथं दहा मिनिटं द्या आणि एकदा अगदी जवळ जा. चौकोनी फरशा एकमेकींना भिडतात तिथं रेघ तुटते का बघा. चित्र आधी फरशांवर रंगवतात, मग भाजतात, मग नंबराप्रमाणे भिंतीवर बसवतात. भाजताना फरशी किंचित आक्रसते, म्हणून एखाद्या खलाशाचा हात सांध्यावर केसभर सरकलेला सापडतो. लांबून हे दिसत नाही. संस्थेचं पहिलं नाव होतं इन्स्तितुत वास्को द गामा. पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी आयुष्यभर वसाहतवादाविरुद्ध लिहिलं, त्यांच्या नावाच्या संस्थेत वास्कोची सफर भिंतीवर तशीच राहिली आहे. काढली नाही हे बरं झालं.

इथून बहुतेक फेऱ्या सरळ चर्चकडं वळतात. तुम्ही दोन रस्ते आत, महालक्ष्मीच्या देवळाकडं चला म्हणा. बाहेरून देऊळ साधंच वाटेल. त्याचं मोल कळायला पणजी ज्यात येते त्या तिसवाडीचा नकाशा डोळ्यांपुढं हवा. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळं पाडली गेली, देव रातोरात नदीपलीकडं अंत्रुज (फोंडा), डिचोलीकडं नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला तो असाच. देव हलवण्याची वेळ गोव्यावर राजधानी हलवण्याच्या कितीतरी आधी आली होती. त्याच तिसवाडीत, विजरईच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, १८१८ च्या सुमारास महालक्ष्मीचं देऊळ उभं राहू दिलं गेलं. त्याच्या सहा वर्षं आधी, १८१२ मध्ये, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, कायमचं बंद झालं होतं. या दोन तारखा शेजारी ठेवल्याशिवाय देवळाची गोष्ट पुरी होत नाही. जवळच आल्तिनोच्या पायथ्याशी 'बोका द व्हाका' झरा आहे, म्हणजे गायमुख. याच पणजीत मुष्टिफंडाची शाळा उभी राहिली: घरोघरी रोज मूठभर तांदूळ बाजूला काढायचा, तो गोळा करून विकायचा आणि त्यातून मराठी शाळा चालवायची. पोर्तुगीज राजधानीत मराठी कशी टिकली, त्याचं उत्तर त्या मुठीत आहे.

मग चर्च. १५४१ चं छोटं कपेल, १६१९ पर्यंत त्याचं मोठं चर्च झालं, आणि समोरच्या नागमोडी पायऱ्या त्याहून अडीचशे वर्षांनी नव्या, १८७० च्या आसपासच्या. फोटोतलं चर्च म्हणजे मुख्यतः पायऱ्याच असतात. आता घंटा. ती जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या मठाची. १८३५ मध्ये मठ बंद झाला, पुढं छप्पर कोसळलं. घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये इथं आली. वजन सुमारे २२५० किलो, गोव्यात से कॅथेड्रलच्या घंटेनंतर हीच मोठी. ती मावावी म्हणून चर्चचा मधला मनोरा वाढवावा लागला. घंटेखातर दर्शनी भाग बदलला, आणि तो बदललेला दर्शनी भाग आज पणजीची ओळख आहे. आत मिसा चालू असेल तर गटानं शिरू नये. गुडघे-खांदे झाकलेले असावेत. ८ डिसेंबरच्या फेस्ताच्या दिवसांत फेरी ठेवू नका, पायरीवर पाय ठेवायला जागा नसते. खाजें आणि चणे घ्यायला मात्र जरूर या.

चर्चकडून आल्तिनोवर चढून बिशपचा वाडा आणि जुनं लिसेव, म्हणजे पोर्तुगीज काळातली शाळा, बघता येतं, पण ऊन चढलं असेल तर सोडून द्या. पूर्वेला सांव तोमेचा भाग गाठा. मुख्य पोस्ट ऑफिसची इमारत पूर्वी तंबाखूच्या व्यापाराची, जवळच्याच घरात १८३४ ते १८४१ टांकसाळ होती. चौक लहान, गाड्या लावलेल्या, थांबावंसं वाटत नाही. इथंच थांबा. १७८७ च्या पिंटोंच्या बंडात पोर्तुगीज सत्ता उलथवायचा कट फुटला. त्यात देशी पाद्री होते, देशी सैनिक होते. पाद्रींना बढती मिळत नव्हती, रंग आडवा यायचा. पुढच्या वर्षी पंधरा जणांना या चौकात देहान्त दिला गेला. कटात नाव घेतलं गेलेल्यांपैकी एक, लिस्बनला राहणारा, म्हणजे कायतान व्हितोरिन फारिया. मुलगा त्याच सुमारास पॅरिसला निघून गेला. पुतळ्यापाशी "कातर रे भाजी" ऐकून हसलेला गट इथं गप्प होतो. चांगला गाईड तिथं बापाचं नाव मुद्दाम घेऊन ठेवतो.

आता ३१ जानेवारी रोड. १८९१ च्या त्या दिवशी पोर्तुगालात पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांनी राजाविरुद्ध उठाव केला, तो फसला. १९१० मध्ये मात्र राजेशाही खरोखरच गेली, राज्य आणि चर्च वेगळे झाले आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्यानं बरोबरीचं स्थान मिळालं. ते फार वर्षं टिकलं नाही, सालाझारच्या काळात पुन्हा आवळलं गेलं. पण त्या वीस वर्षांत गोव्यात मराठी शाळा, वाचनालयं, नियतकालिकं फोफावली. तेव्हा रस्त्याचं नाव 'पोर्तुगीज' म्हणून नाक मुरडण्यासारखं नाही. पलीकडच्या बाजूला १८ जून रोड आहे, १९४६ मध्ये मडगावला राम मनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली त्या दिवसाचा. पोर्तुगालातलं बंड आणि पोर्तुगालविरुद्धचं बंड, दोन्ही रस्ते एकाच शहरात, चालत पंधरा मिनिटांवर.

याच रस्त्यानं फोंतेन्हास लागतं. अठराव्या शतकाच्या अखेरीला मोझांबिकात पैसा कमावून आलेल्या आंतोनियू जुआंव सिक्वेरा याचं हे माडांचं भाट. त्याला लोक 'मोसमीकार' म्हणत. म्हणजे पैसासुद्धा बाहेरूनच आलेला. घरांना रंग का, तर पांढरा फक्त चर्चचा, अशी रीत होती असं सांगतात. रंगांच्या फोटोपेक्षा एखाद्या पोपडे निघालेल्या कोपऱ्याशी वाका. वरचा पिवळा ऑइलपेंट, त्याखाली नीळ घातलेला चुना, त्याखाली गेरू, मग चुन्याचा गिलावा आणि तळाशी भोकाभोकांचा लाल चिरा. चिरा पाणी पितो आणि सोडतो; चुना त्याला सोडू देतो. वरून सिमेंट लिंपलं की ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत गिलाव्याला फुगे येतात. जिथं जिथं भिंत खालून हातभर सोललेली दिसेल, तिथं बहुधा सिमेंटची डागडुजी सापडेल. जुन्या खिडकीत काचेऐवजी शिंपल्याचे तळहाताहून लहान चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत सरकवलेले असतात. आत दुधाळ उजेड येतो, ऊन येत नाही. अशा खिडक्या आता थोड्याच उरल्यात, गाईडला आधीच सांगून ठेवा.

इथं लोक राहतात. दुसऱ्याच्या सोप्यावर बसून फोटो, दाराची कडी धरून फोटो, दुपारी दोनला स्पीकर लावून भाषण, यामुळंच दारांवर 'फोटो काढू नका'च्या पाट्या आल्या. बाहेर कुणी आजी बसली असेल तर आधी "देव बरो दीस दिवूं" म्हणा, मग विचारा. ऊन सकाळी खाडीच्या बाजूनं थेट भिंतींवर येतं, फोटोला ते चांगलं. दुपारी चारनंतर आल्तिनोची सावली पडते, चालायला ती चांगली.

सेंट सेबास्टियनचं कपेल १८८० चं. आतला क्रूस बघा: येशूचे डोळे उघडे आणि मान ताठ. हा क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता, मग आदिलशाही राजवाड्यातल्या प्रार्थनाघरात, आणि १९१८ मध्ये गव्हर्नर काबोला गेले तेव्हा इथं आला. चौकशीला उभ्या केलेल्या माणसांनी याच उघड्या डोळ्यांकडं बघितलेलं. कपेल बऱ्याचदा कुलूपबंद असतं. मिसेच्या आगेमागे उघडं सापडतं, म्हणून गाईडनं आदल्या दिवशी वेळ विचारून ठेवायला हवी. इथपर्यंत येऊन क्रूस न बघता परतणं ही या फेरीतली सगळ्यात नेहमीची चूक.

पुढं मळा या वाड्यात, मारुतीच्या देवळाच्या खालच्या अंगाला फोंत फेनिक्स. ज्या झऱ्यांवरून फोंतेन्हास हे नाव पडलं त्यातला हा. सबंध फेरीत दुसरीकडून न आणलेलं असं काय, तर बोका द व्हाकाचं आणि हे, झऱ्यांचं पाणी. ते प्यायचं मात्र नाही, बाटली बरोबर ठेवा. कांपाल, कला अकादमी, मिरामार आजच उरकू म्हणणाऱ्या गाईडला नाही म्हणा; ती वेगळी संध्याकाळ आहे.

भूक लागलेली असेलच. जुन्या पणजीतल्या कुठल्याही कॅफेत बसा आणि मिक्स भाजी, पाव, एक मिरची मागवा. भाजी पातळच असते, तक्रार करू नका, पाव बुडवायलाच ती तशी असते. एकच्या आत पोचा. त्यानंतर कढई रिकामी होते आणि दुकानांची दारं चारपर्यंत ओढून घेतली जातात.